कापसाच्या वाटेने आलेला नाद

ज्या विषयाची प्रस्तावना लिहावयाची त्या विषयात लिहिणाऱ्याचा काही अधिकार असावा, असा आपल्याकडे एक जुना संकेत आहे, आणि तो काटेकोरपणे पाळला गेला असता तर हे टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आलेच नसते. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतून शिक्षणाच्या वा नोकरीच्या निमित्ताने मुंबई, पुणे आणि थेट लंडनपर्यंत पांगलेल्या काही तरुण-तरुणींनी, त्या त्या शहरांत रात्री-अपरात्री भरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मैफली ऐकून जे लिहिले, ते या पुस्तकात एकत्र केले आहे. वडीलधाऱ्यांपैकी कोणी तरी त्याला दाखला द्यावा अशी त्यांची इच्छा. आणि मी आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविले, त्यातील ध्वनीचे प्रकरण विशेष आवडीने शिकविले, व उरलेल्या संध्याकाळी सतरंजीवर मांडी घालून ख्याल ऐकला, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला गाठले. नकारासाठी जी जी कारणे मी पुढे केली ती त्यांनी एकेक करून निकालात काढली.

वऱ्हाडातील वाचकाला या संगीताची ओळखच नाही असे म्हणता येणार नाही. ओळख आहे, परंतु ती फिर्यादीच्या अंगाने झालेली आहे. 'डीजे' हा शब्द उच्चारताच अमरावतीच्या राजकमल चौकातून किंवा अकोल्याच्या गांधी रोडवरून मुंगीच्या पावलाने सरकणारा ट्रक, त्यावर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत, घरातील थरथरणारी तावदाने आणि आतल्या खोलीत झोपलेला रुग्ण एवढे सारे आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे उभे राहते. आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई करणाऱ्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा हवाला देऊन पोलीस ठाण्यात जे अर्ज जातात, त्यांवर सह्या करणाऱ्यांत मीही असतो व यापुढेही असेन. मात्र या पुस्तकातील मंडळी ज्याच्या शोधात गेली ते हे नव्हे. यंत्रे तीच, विजेच्या तारा त्याच, पण वरातीतला आवाज नाचणाऱ्यांना हुरूप यावा म्हणून असतो आणि या मैफलींतील आवाज ऐकण्यासाठी असतो. शिवाय तो करणारा कोण, हे पुष्कळदा ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नसते. नाव असते, तेही टोपण; छायाचित्र नसते; मुलाखत नसते; मैफलीचे ठिकाणसुद्धा कित्येकदा त्याच दिवशी दुपारी कळविले जाते. अशा गूढ मंडळींना ऐकण्यासाठी बडनेऱ्याहून रात्रभराचा प्रवास करून जाणारी मुले आपल्या गावात आहेत, ही गोष्ट त्यांच्या आईवडिलांनाही या पुस्तकामुळे प्रथमच कळणार आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष ऐकावे म्हणून माझ्या भाचीने, जी या संग्रहातील एक लेखिका आहे, मला मुंबईत लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात नेले. आत शिरण्यापूर्वी ती म्हणाली, "मामा, आवाज लय मोठा राह्यते बरं, कानात कापूस घालून घ्या," आणि पर्समधून तिने खरोखरच कापसाची गुंडाळी काढून दिली. वऱ्हाडी माणसाने मुंबईच्या गिरणीत कापूस बरोबर घेऊन जावा यातील गंमत तिच्या ध्यानात आली नसावी. आत बिडाचे खांब तसेच होते, करवती छपराच्या काचा काळ्या रंगाने लेपून टाकल्या होत्या, आणि फरशीत जेथे साचे पक्के बसविलेले असत तेथे कापलेल्या बोल्टांचे गोल डाग अजून दिसत होते. समोर एक साधे मेज, त्यावर तीनचार काळ्या पेट्या, तारांचा गुंता, आणि हाताच्या पंजाएवढी जागा उजळील असा एक पिवळट दिवा. त्या उजेडात दिसत होता तो फक्त एक उजवा हात. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत एक बटण धरून तो हात ते केसभर फिरवी, मग थांबे, मग पुन्हा केसभर. आणि तेवढ्या हालचालीने त्या प्रचंड दालनातील नाद जाड असलेला बारीक होई, बोथट असलेला धारदार होई. सेकंदाला पन्नास-साठ कंपनांचा जो खालचा नाद असतो तो कानापेक्षा छातीच्या पिंजऱ्याला अधिक जाणवतो, हे मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहून दाखविले होते. बरगड्यांवर त्याचा पडताळा त्या रात्री मिळाला. चेहरा अखेरपर्यंत दिसला नाही. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा दिवा विझलेला होता आणि मेजामागे कोणी नव्हते.

परतीच्या गाडीत माझ्या मनात घोळत राहिले ते त्या हातापेक्षा त्या फरशीवरचे डाग. त्या दालनात पूर्वी जे साचे चालत त्यांना सूत कोणत्या कापसाचे मिळे? मुंबईच्या गिरण्यांचा आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचा व्यवहार शंभराहून अधिक वर्षांचा आहे, आणि त्याचे दप्तर फार जाडजूड आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. त्यानंतर आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ पर्यंत भुसावळ-अकोला-बडनेरा मार्गे नागपूरपर्यंत रेल्वे आली, आणि खामगाव, जे त्या काळी अकोला जिल्ह्यात मोडत असे, त्याला कापसाच्या बाजारासाठी लोहमार्गाचा स्वतंत्र फाटा १८७० मध्ये मिळाला. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. मँचेस्टरच्या कारखानदाराने तो गरज म्हणून घेतला, आवड म्हणून नव्हे, आणि अमेरिकेचा माल पुन्हा सुरू होताच नाक मुरडले. पण जाडेभरडे सूत काढणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांना तो पुरेसा होता. रेच्यावर सरकी वेगळी होऊन, प्रेसमध्ये दाबून बांधलेल्या गठाणी आगगाडीने मुंबईस जात, आणि तिकडून भोंग्याच्या ठोक्यावर जगणारी एक निराळीच जीवनपद्धती इकडे येई. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल, अचलपूरची विदर्भ मिल यांच्या भोवतालच्या वस्त्यांतील वृद्धांना विचारा. साच्यांचा खडखडाट ते अजून बोटांनी मेजावर वाजवून दाखवितात. एकाच आघाताची तासन् तास पुनरावृत्ती, त्यात मधूनच सुटणारा एखादा धागा, आणि तो सुटला हे कानाने ओळखणारा कामगार! यंत्राची लय ऐकण्याचा हा संस्कार आपल्याकडे कोणा परदेशी वादकाने आणलेला नाही.

इतिहासात काही सालांना विलक्षण योग लाभतात. १९८२ हे तसे साल आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मागे न घेताच विरून गेला. गिरणगाव त्यातून पुन्हा उभे राहिले नाही. त्याच वर्षी २१ मे रोजी, जिच्यासाठी एकेकाळी वऱ्हाडचे कापूस-बाजार गजबजले होते त्या मँचेस्टर नगरीत, एका रिकाम्या पडलेल्या इमारतीत 'हासिएन्डा' नावाचे नृत्यगृह उघडले, आणि पुढे सहा वर्षांनी इंग्लंडमध्ये यांत्रिक नृत्यसंगीताची जी लाट उसळली तिचे ते मुख्य ठाणे झाले. आणि त्याच १९८२ साली मुंबईत एच.एम.व्ही.साठी एक ध्वनिमुद्रिका मुद्रित झाली, जिचे नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ही तीन कृत्ये एकमेकांना ओळखत नव्हती. तरी लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' हे संगीतगृह उघडले, आणि ते २०१६ मध्ये बंद होईपर्यंत मुंबईत नवे संगीत ऐकण्याची तीच प्रमुख जागा होती, तेव्हा हे तिन्ही धागे एका ठिकाणी आले असे म्हणावयास हरकत नाही. गिरणी बंद पडते तेव्हा उंच छप्पर, जाड भिंती आणि शेजाऱ्यांपासून लांब अशी जागा स्वस्तात मोकळी होते. नव्या संगीताला नेमके तेच हवे असते. ज्या डेट्रॉइट शहरात मोटारींचे कारखाने ओस पडले तेथे 'टेक्नो' जन्मले, त्यामागेही हीच भूमिती आहे. स्वस्त मात्र फार दिवस राहत नाही. लोअर परळमध्ये तर ते मुळीच राहिले नाही. आणि २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर त्याच भागातील कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ माणसे मेली, हेही या दप्तरात नोंदविलेच पाहिजे. जाण्यापूर्वी बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा कोठे आहे तो पाहून ठेवावा, अशी सूचना या पुस्तकातील एका लेखात आहे, ती मला संगीताच्या सर्व विवेचनापेक्षा अधिक मोलाची वाटली.

त्या ध्वनिमुद्रिकेचे कर्ते चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक होते. गिटार, व्हायोलिन, कळपाटीची नवी नवी वाद्ये, जे समोर येईल ते वाजविणारे, आणि म्हणूनच नावाने फारसे कोणाला ठाऊक नसणारे. 'दम मारो दम' या १९७१ च्या गाण्यात जो ट्रान्झिकॉर्ड ऐकू येतो तो त्यांच्या हातचा, हे गाणे गुणगुणणाऱ्या किती जणांना माहीत असेल! जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांच्या हाती आली: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यांतील शेवटचे यंत्र म्हणजे एक चंदेरी पेटी. एकट्या गिटारवाल्याला साथीचा खर्ज मिळावा एवढ्याच माफक हेतूने तादाओ किकुमोतो या अभियंत्याने ती घडविली. सोळा घरांत सोळा स्वर भरून ठेवावयाचे, कोणत्या स्वरावर जोर द्यावयाचा, कोणत्या स्वराकडून कोणत्या स्वराकडे घसरत जावयाचे हे ठरवून द्यावयाचे, आणि कळ दाबली की ती मालिका अखंड फिरत राहते. गिटारवाल्यांना ती आवडली नाही; जेमतेम दहा हजारांच्या आसपास नग निघाले आणि तीन वर्षांत उत्पादन थांबले. परंतु स्वरावरून स्वरावर घसरणे, आपण जिला मींड म्हणतो तिची ही अगदी बाळबोध नक्कल, चरणजित सिंगांना पुरेशी वाटली. त्यांनी ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस, बैरागी अशा दहा रागांचे स्वर त्या घरांत भरले, खाली ८०८ चा ठोका लावला, आणि वर ज्युपिटरवर स्वतः विस्तार केला.

मुद्रिका खपली नाही. रागाच्या रसिकाला डिस्को नको होता, डिस्कोच्या रसिकाला राग नको होता. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात तिची एक प्रत सापडली, आणि त्याने २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा पाश्चात्य समीक्षकांत मोठीच खळबळ उडाली. कारण शिकागोच्या तरुणांनी १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या मुद्रिकेत टीबी-३०३ चे बटण पिळून जो किंचाळणारा नाद काढला, आणि ज्यापासून 'अ‍ॅसिड हाउस' या प्रकाराची गणना होते, तसाच नाद मुंबईत पाच वर्षे आधी वाजून गेला होता. यावरून आपल्याकडे लगेच 'हा शोध भारताचाच' अशी द्वाही फिरली. या संग्रहातील दोन लेखकांनीही ती फिरविली आहे, आणि येथे माझे त्यांच्याशी जुळत नाही. शिकागोच्या मुलांनी ही मुद्रिका ऐकली होती असा कोणताही दाखला नाही. दोन माणसांनी एकच यंत्र उघडले आणि त्यात जे होते ते दोघांना सापडले, एवढाच त्याचा खुलासा. चरणजित सिंगांचा मोठेपणा पहिलेपणात नाही. ज्या वयात चित्रपटसृष्टीतील वादक ठरलेल्या बिदागीवर समाधानी राहतो, त्या वयात त्यांनी कोणी मागितलेले नसताना हे करून पाहिले, यात तो आहे. सत्तरी ओलांडल्यावर युरोपातील रंगमंचांवर ते हीच मुद्रिका वाजवू लागले आणि नातवंडांच्या वयाची मुले तिच्यावर नाचू लागली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता श्रवणाच्या एका अडचणीविषयी लिहिले पाहिजे, कारण वऱ्हाडातील वाचक या संगीतापुढे जो अडखळतो तो बहुधा येथेच. आपला कान सम शोधतो. भजनी ठेक्यात वाढलेला असो, नाही तर विलंबित एकतालात, कोणता आघात जड आणि कोणता रिकामा हे त्याला कळावे लागते. खाली आली की तो श्वास घेतो, सम आली की मान डोलावतो. या संगीतात चारही मात्रांवर सारखाच घाव पडतो. खाली नाही, भरी नाही, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत जीव कासावीस होतो आणि 'हे नुसते ठोकणे आहे' असा निकाल देऊन माणूस उठतो. मीही चुळबुळत होतो. मग भाचीने हाताच्या बोटांवर मोजून दाखविले. चार-चार मात्रांची आठ आवर्तने, कधी सोळा, कधी बत्तीस, आणि ती पुरी होताच कोठला तरी एक पडदा उघडतो किंवा मिटतो: झांजेसारखा एक नाद येतो, खर्ज निघून जातो, चार ठोक्यांपुरते सारे रिते होते आणि पुन्हा भरते. म्हणजे सम आहे, पण ती शंभर-सव्वाशे मात्रांच्या पलीकडे आहे, आणि तिची वाट पाहणाऱ्या त्या दालनातील शेकडो माणसांना ती कधी येणार हे पायांनी ठाऊक असते. हे एकदा उमगले की मग ऐकता येते. आवडेलच असे नाही.

राहता राहिला गूढपणाचा प्रश्न, जो या लेखांच्या मुळाशी आहे. वादक स्वतःला का लपवितो? याची उत्तरे अनेक आहेत आणि ती सारखी प्रामाणिक नाहीत. जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या मंडळींनी रंगमंचावर स्वतःऐवजी यंत्रमानवांच्या बाहुल्या उभ्या केल्या, त्यात थट्टा होती. डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या गटाने तोंडे झाकली, त्यात कंपन्यांविरुद्धचे राजकारण होते. लंडनच्या 'बरियल' या संगीतकाराने तर आपले नाव २००८ पर्यंत कोणास कळू दिले नाही आणि रंगमंचावर तो येतच नाही. तो त्याचा स्वभाव दिसतो. आणि अलीकडे जे मुखवटे घालून हजारो रुपयांच्या तिकिटांवर येतात त्यांच्यापैकी बहुतेकांचा मुखवटा हा जाहिरातीचा फलक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सर्वांत मला अभ्यसनीय वाटली ती 'ऑटेकर' ही जोडी, जिच्या लंडनमधील मैफलीवरचा लेख हा या पुस्तकाचा मुकुटमणी आहे. शॉन बूथ आणि रॉब ब्राउन हे दोघेही मूळचे रॉचडेलचे. सहकार खात्याची पदविका घेतलेल्या वऱ्हाडातील प्रत्येक गटसचिवाला हे गाव पाठ असते, कारण १८४४ साली तेथील अठ्ठावीस जणांनी, ज्यांत विणकर बरेच होते, पै-पै जमवून जे दुकान काढले तेथून सहकारी चळवळीचा इतिहास सुरू होतो. पण त्याच सूतगिरण्यांच्या गावातून दीडशे वर्षांनी असे संगीत निघाले हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. ही मंडळी रंगमंचावर येतात तेव्हा सभागृहातील दिवे पूर्ण मालवतात. पडद्यावर चित्रे नाहीत, झगमगाट नाही, बोलणे नाही. तासभर नुसता नाद, तोही असा की पुढच्या क्षणी तो कोठे वळेल याचा अंदाज बांधता येत नाही. अकोल्याहून तेथे नोकरीस गेलेल्या लेखकाने लिहिले आहे की पहिल्या पाच मिनिटांत शेजारची माणसे दिसेनाशी झाली, दहा मिनिटांत आपले हात दिसेनासे झाले, आणि मग लहानपणी भारनियमनाच्या रात्री गच्चीवर पडून दूरच्या जीनचा आवाज ऐकत असू तसे ऐकणे परत आले. हे वाक्य वाचल्यावर मी पुस्तकाला प्रस्तावना लिहिण्याचे कबूल केले.

याच जोडीचा एक किस्सा कायद्याच्या अभ्यासकांसाठी येथे नोंदवितो. १९९४ मध्ये ब्रिटिश संसदेने उघड्या माळावर रात्री शंभर वा अधिक लोकांनी जमून असे संगीत ऐकण्यास आळा घालण्याचा अधिकार पोलिसांना दिला, आणि 'असे संगीत' म्हणजे कोणते, याचा तपशील देताना एकामागून एक येणाऱ्या पुनरावृत्त ठोक्यांचा उल्लेख केला. ऑटेकरने त्याच वर्षी 'अँटी' नावाची मुद्रिका काढली व तीत एक रचना अशी बसविली की तिची कोणतीही दोन आवर्तने सारखी होऊ नयेत. वर वेष्टनावर सल्ला छापला की ती वाजविताना एक वकील आणि एक संगीतज्ञ जवळ बाळगावा. आमच्याकडे मनाई हुकूम ध्वनीच्या पातळीवर आणि घड्याळाच्या काट्यावर चालतो, ठोक्यांच्या घडणीवर नाही. ही एक बाब तरी आपल्या कायद्यात अधिक शहाणपणाची आहे. भजनाचा गजर त्या ब्रिटिश कलमातून सुटला नसता.

आणि भजनाचा उल्लेख ओघाने आलाच आहे तर सांगतो, की स्वतःला मागे ठेवून नाद पुढे करणारा माणूस वऱ्हाडास अपरिचित नाही. शेंडगावचे गाडगेबाबा गावात येत, झाडू मारीत, रात्री हजारोंना एकाच नामाच्या गजरात तासन् तास उभे ठेवीत आणि सत्काराची भाषा सुरू होण्यापूर्वी गावाबाहेर निघून गेलेले असत. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत बांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे जे कीर्तन झाले त्याचे ध्वनिमुद्रण झाले म्हणून तो आवाज आज आपल्याला ऐकता येतो. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ त्यांचा देह पडला. गिरणीतल्या मैफलीला मी कीर्तनाची बरोबरी देत नाही; तेथे लोकशिक्षण नाही आणि तिकीट आहे. परंतु श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन ढोलाच्या ठेक्यावर अकोल्याच्या राजेश्वरापर्यंत रात्रभर चालत येणाऱ्या मुलाला एका लयीत रात्र काढण्याचे शिक्षण निराळे द्यावे लागत नाही, एवढे मात्र खरे.

या पुस्तकात उणिवा आहेत. लेखकांना परदेशातले जितके ठाऊक आहे तितके घरचे नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या परिसरात वाढलेला मराठी घरातला तबलावादक कर्ष काळे, ज्याची 'रिअलाइझ' ही मुद्रिका २००१ मध्ये आली, त्याच्यावर एकच परिच्छेद आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साह्याने मूग सिंथेसायझर बसविण्यात आला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी तेथे जे प्रयोग केले, त्यांच्या ध्वनिफिती सुमारे पन्नास वर्षे कपाटात पडून राहून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या, या प्रकरणास तर तळटिपेत ढकलले आहे. आणि वऱ्हाड? अंबादेवीच्या नवरात्रात वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रांतून ज्यांनी पहिला कॅसिओ, पहिला ऑक्टोपॅड आणला, नागपूरकडच्या धुमाल पार्ट्यांचे अनुकरण करून ज्यांनी ट्रकवर जनित्र आणि कीबोर्ड चढविले, ती माणसे अजून हयात आहेत, आणि त्यांच्याविषयी या पुस्तकात एक ओळही नाही. दुसरी आवृत्ती निघाली तर हा दोष दूर करण्याचे लेखकांनी मला वचन दिले आहे.

ते वचन पाळणे वाचकांच्या साह्यावाचून शक्य नाही. दिल्लीच्या दुकानात एक प्रत उरली म्हणून चरणजित सिंग सापडले. अहमदाबादेत कपाट कोणी रिकामे केले नाही म्हणून त्या फिती वाचल्या. अमरावती, अकोला, अचलपूर, मूर्तिजापूर, दर्यापूर येथील ज्या घरांत, मंडपवाल्यांच्या गोदामांत किंवा बंद पडलेल्या कॅसेटच्या दुकानांत १९७० ते १९९५ या काळातील स्थानिक ऑर्केस्ट्रा, बँड, धुमाल यांच्या ध्वनिफिती असतील, त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत. त्यांवर वादकांची नावे व साल लिहून ठेवावे, ओलाव्यापासून जपाव्यात, आणि प्रकाशकांकडे एक पोस्टकार्ड टाकावे. प्रतिलिपी करून मूळ फीत परत करण्याची जबाबदारी या तरुण मंडळींनी घेतली आहे.